उटा हागेन: नटी, आणि पन्नासहून जास्त वर्षं शिकवत राहिलेली मास्तरीण

कावेरी_म

मागच्या आठवड्यात एका लग्नात आमच्या जुन्या ग्रुपमधला एक जण भेटला. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही चार-पाच वर्षं एकत्र कामं केली होती. मी हल्ली शनिवार-रविवारी अभिनयाचा वर्ग घेते हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे स्टेज सुटलं म्हण की." मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कामं यायची थांबली की नट शिकवायला लागतो, हे आपण इतकं धरूनच चालतो की त्याबद्दल कुणाला काही वेगळं वाटतही नाही.

त्या रात्री मला उटा हागेन आठवली. अभिनय शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिचं 'रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग' हे पुस्तक निदान चाळलेलं असतं. मी सांगलीला असताना आमच्या दिग्दर्शकांनी ते वाचायला दिलं होतं. बांधणी सुटलेलं, मधली पानं रबरबँडने धरून ठेवलेली. तेव्हा त्यातले व्यायाम तेवढे वहीत उतरवून घेतले. ते लिहिणारी बाई कोण, कशातून गेलेली, हे मी फार उशिरा वाचलं, आणि ते वाचल्यावर ते व्यायाम मला वेगळेच दिसायला लागले. म्हणून हा धागा.

उटाचा जन्म १२ जून १९१९ चा, जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा. वडील ओस्कार हागेन कलेतिहासाचे अभ्यासक. हेंडेलचे विसरले गेलेले ऑपेरे पुन्हा रंगमंचावर आणण्याचं मोठं काम त्यांनी ग्योटिंगेनमध्ये केलं. आई गायिका. १९२४ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं आणि वडील विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. म्हणजे घरात एकीकडे वर्ग आणि दुसरीकडे रंगमंच, दोन्ही होतं. पोरीने मात्र त्याच विद्यापीठात जेमतेम एक सत्र काढलं आणि नाटकासाठी शिक्षण सोडलं.

१९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसला ईव्हा ल गॅलियनने स्वतः हॅम्लेटची भूमिका केली, आणि तिच्यासमोर ऑफेलिया होती अठरा वर्षांची उटा. पुढच्याच मार्चमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, चेकॉव्हच्या 'द सीगल'मध्ये नीना. बरोबर आल्फ्रेड लंट आणि लिन फाँटॅन, त्या काळातलं अमेरिकन रंगभूमीवरचं सगळ्यात मानाचं जोडपं. तेव्हाही ती अठराचीच. नंतर १९४३ मध्ये 'ऑथेल्लो'. पॉल रोबसन ऑथेल्लो, उटा डेस्डिमोना आणि तिचा तेव्हाचा नवरा होजे फेरर इयागो. ब्रॉडवेवर २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकासाठी तो ब्रॉडवेवरचा विक्रम होता.

आता इथे थांबा, कारण या माणसात मला सगळ्यात जास्त रस वाटतो तो इथे. वय पंचवीसच्या आसपास, नाव झालेलं, कामं हातात. आणि नेमकी याच काळात ती आतून रिकामी होत चाललेली होती. तिने स्वतः पुस्तकात हे लिहून ठेवलंय. सुरुवातीला लहान मूल खेळतं तशी ती नाटकात शिरायची. व्यवसायात आल्यावर युक्त्या शिकली. कुठे थांबलं की हशा येतो, कुठे आवाज चढवला की टाळी येते. आपल्या भाषेत 'हमखास जागा'. या जागा हाती लागल्या आणि तिचं नाटकावरचं प्रेमच आटायला लागलं.

ज्यांनी एखाद्या नाटकाचे पन्नासेक प्रयोग केले असतील त्यांना हे कळेल. माझ्यावर पंधरा-वीस प्रयोगांतच ती वेळ आली होती. दुसऱ्या अंकात रडायचं होतं आणि मी मनात उद्याच्या एसटीचा विचार करत रडत होते. प्रेक्षकांना काही कळलं नाही. दोन बायका आत येऊन माझा हात धरून गेल्या. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

१९४७ मध्ये उटाला हॅरल्ड क्लर्मन हे दिग्दर्शक भेटले. नाटक होतं 'द होल वर्ल्ड ओव्हर'. क्लर्मननी तिला वाक्य कसं म्हणायचं ते सांगितलं नाही, हात कुठे न्यायचा ते सांगितलं नाही, उभं कुठे राहायचं तेही नाही. सुरुवातीला ती गांगरली, कारण आधीच्या दिग्दर्शकांनी सगळं बसवून दिलेलं असायचं आणि त्यावर ती आपला मुखवटा चढवायची. इथे मुखवट्याला धरायला काही उरलंच नाही. तिच्या युक्त्या त्यांनी काढून घेतल्या असं ती म्हणते.

त्याच सुमारास तिची हर्बर्ट बर्गहोफशी गाठ पडली. व्हिएन्नाचा नट, नाझींच्या तावडीतून सुटून न्यूयॉर्कला आलेला. १९४५ मध्ये त्याने एचबी स्टुडिओ हा अभिनय शिकवणारा स्टुडिओ काढला होता. १९४७ पासून उटा तिथे शिकवायला लागली. पुढे दोघांनी लग्न केलं आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या बँक स्ट्रीटवर तो स्टुडिओ दोघांनी मिळून वाढवला.

तारखा बघा. तिने शिकवायला सुरुवात केली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या हातात कामं होती. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मधली ब्लांश त्यानंतरची. 'द कंट्री गर्ल'साठी १९५१ चा टोनी, अमेरिकन रंगभूमीवरचा सगळ्यात मानाचा पुरस्कार, त्यानंतरचा. आणि ज्या भूमिकेसाठी तिचं नाव आजही घेतलं जातं ती मार्था, एडवर्ड ऑल्बीच्या 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?'मधली, ती आली ऑक्टोबर १९६२ मध्ये. पंधरा वर्षं वर्ग घेऊन झाल्यावर! तीन तासांहून मोठं नाटक. मॅटिनीसाठी वेगळा संच ठेवला होता इतकं ते नटांना पिळून काढणारं. त्या मार्थाने तिला दुसरा टोनी दिला. स्टेज सुटलं म्हणून शिकवायला लागलेली बाई अशी नसते.

शिकवताना रोज दुसऱ्याची खोटी जागा दाखवावी लागते. ती दाखवायची तर खरी जागा कुठली हे आधी स्वतःला ठाऊक असावं लागतं. माझ्या छोट्याशा वर्गातही मला हे दर शनिवारी जाणवतं. म्हणून उटा शिकवूनही चांगली नटी राहिली असं मी म्हणणार नाही. मला वाटतं शिकवल्यामुळेच तिच्यातली नटी जगली.

तुम्ही कुणी तिचे व्यायाम केलेत का? काय अनुभव आला?

---

नाट्यवेडा_सोलापूर

फार छान लिहिलंय. ते एसटीचं वाचून अंगावर काटा आला, मी पण केलंय हे.

एक शंका. ही 'मेथड'वालीच ना? म्हणजे स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवून रडायचं वगैरे?

---

कावेरी_म

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. मेथड म्हणून जे ओळखलं जातं ते मुख्यतः अमेरिकन अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांचं. रशियन दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्की हे मूळ दोघांचंही, पण वाटा वेगळ्या झाल्या.

उटाही नटाने स्वतःच्या आयुष्यातलं वापरावं असं म्हणते. फक्त ती त्याला एक कडक अट घालते. जो अनुभव तुम्ही अजून पचवलेला नाही, ज्याच्याबद्दल कुणाशी बोलूही शकत नाही, त्याला हात लावायचा नाही. शिष्याच्या जखमा उकरायला लावणाऱ्या शिक्षकांवर तिने फार कडक शब्दांत लिहिलंय. असं करणं कलेच्या विरोधात आहे आणि माणसाच्या मनाला घातक आहे, असं तिचं स्पष्ट मत.

मला हे पोटातून पटतं. एका शिबिरात शिकवणाऱ्यांनी एका मुलीला सगळ्यांसमोर बसवून वडिलांच्या मृत्यूची रात्र आठवायला लावली होती. ती रडली, ओरडली, आणि सगळे 'वा' म्हणाले. संध्याकाळी ती कुणाला न सांगता बॅग घेऊन निघून गेली. नाटकात परत आली नाही. मी तेव्हा विशीत होते, मला बोलायचं धैर्य झालं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उटाच्या पद्धतीत अख्खा प्रसंग उकरायचा नसतो, त्या प्रसंगातली एखादी बारकी वस्तू शोधायची. टेबलक्लॉथची नक्षी, पायरीवरचा ओला डाग. ती वस्तू डोळ्यासमोर आली की मन आपोआप हलतं, आणि वस्तू बाजूला केली की तुम्ही पुन्हा नाटकात.

---

निखिल_एडिसन

मी न्यूजर्सीत राहतो. काही वर्षांपूर्वी एचबी स्टुडिओत एका सत्राचा वर्ग केलाय. उटा हागेन तेव्हा हयात नव्हत्या (१४ जानेवारी २००४ ला गेल्या), पण व्यायाम त्यांचेच.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, तिथे पदवी वगैरे काही मिळत नाही. त्यामुळे हागेनबाईंना हुद्दा म्हणून 'प्राध्यापक' म्हणता येत नाही, पण अर्ध्या शतकाहून जास्त काळ एकाच ठिकाणी वर्ग घेणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं! फी मुद्दाम आवाक्यात ठेवायची हे हागेन आणि बर्गहोफ दोघांचं धोरण होतं, हॉटेलात वेटरचं काम करणाऱ्या नटालाही परवडली पाहिजे अशी. माझ्या वर्गात एक बाई रात्रपाळीची नर्स होती, ड्यूटी संपवून थेट यायची.

दुसरी गोष्ट, 'चौथी भिंत'चा व्यायाम. आपण समजतो की चौथी भिंत म्हणजे प्रेक्षक नाहीत असं मानायचं. हागेनबाई उलटं सांगतात. प्रेक्षक नाहीत असं ठरवलंत तर डोक्यात प्रेक्षकच राहणार. त्यापेक्षा त्या बाजूला काय आहे ते ठरवा. व्यायाम असा, की फोनवर बोलायचं, आणि बोलताना आपली नजर जिथे जिथे सहज टेकते तिथे आपल्या ओळखीच्या वस्तू ठेवायच्या.

मी जळगावच्या घरी आईशी फोनवर बोलतोय असं धरलं. पहिल्या वेळी माझी नजर सगळा वेळ जमिनीवर. शिक्षिकेने एवढंच विचारलं, "तिथे काय आहे?" मला उत्तर देता येईना. पुढच्या आठवड्यात मी आमच्या स्वयंपाकघराची भिंत नेली. डावीकडे कालनिर्णय, त्यावर दूधवाल्याचे आकडे. वर घड्याळ, पाच मिनिटं पुढे लावलेलं. उजवीकडे खिडकी आणि पलीकडे शेजारच्यांचा पेरू. बोलता बोलता मी कालनिर्णयकडे पाहिलं आणि नकळत "एकादशी कधी आहे गं?" असं मराठीतच विचारलं. वर्गात कुणाला मराठी येत नव्हतं. पण नंतर त्या नर्सबाई म्हणाल्या की त्या क्षणी तुझ्यासमोर भिंत दिसली.

हे तंत्र किती साधं आहे, आणि मला ते बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

---

अरुंधती_वा

'ऑथेल्लो'बद्दल थोडी भर घालते. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर काळा नट ऑथेल्लो आणि गोरी नटी डेस्डिमोना, आणि तो तिला जवळ घेतो, हे दृश्यच तेव्हाच्या अमेरिकेत मोठी गोष्ट होती. दिग्दर्शक मार्गारेट वेब्स्टर यांना निर्माता मिळायलाही त्रास झाला. नंतर दौऱ्यावर निघताना जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवतात तिथे प्रयोग करायचा नाही असं रोबसन यांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं गेलं.

उटाने रोबसन यांची बाजू सोडली नाही आणि त्याची किंमत तिला पुढे मोजावी लागली. १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली, कम्युनिस्टांचे हितचिंतक म्हणून रेडिओ-टीव्ही क्षेत्रातल्या १५१ जणांची नावं छापलेली. त्यात तिचं नाव होतं. चित्रपट आणि टीव्हीची दारं बंद. तिचा पहिला चित्रपट आला थेट १९७२ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

म्हणजे मार्था गाजवूनही १९६६ च्या चित्रपटात ती भूमिका एलिझाबेथ टेलरने केली, आणि उटाची मार्था ज्यांनी नाट्यगृहात पाहिली त्यांच्यापुरतीच राहिली. मूळ संचाच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका तेवढी आहे. मी ऐकलीय. आवाजातच इतकं काही आहे की डोळे मिटून ऐकताना ती बाई ग्लास कुठे ठेवते तेही कळतं.

धाग्याच्या मुद्द्याला धरून म्हणायचं तर शिकवणं तिला जगवत होतं हे अगदी शब्दशः खरं असणार. कॅमेऱ्यासमोरचं काम बंद झालं तेव्हा वर्ग चालू होता.

---

मिलिंद_दे

लेख आवडला, पण माझं थोडं वेगळं मत आहे.

हे सगळं घरातल्या खऱ्या वस्तू, खरी भिंत, खरा चहा... यातून आपल्याकडे एक पिढी अशी तयार झाली की तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू जात नाही. नट स्वतःशी खरा असतो आणि प्रेक्षक पाय हलवत बसतो. पुस्तकात ती बर्नहार्ट आणि दूझे या जुन्या काळच्या दोन गाजलेल्या नट्यांची गोष्ट सांगते ना, तिथेच मला तिचा कल कळला. सारा बर्नहार्टनेही लोकांना वेड लावलं होतंच की! आपल्या संगीत नाटकांत नट थेट प्रेक्षकांकडे तोंड करून पद म्हणायचा, 'वन्समोअर' घ्यायचा. ते खोटं होतं का?

---

कावेरी_म

मिलिंद, मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी ती गोष्ट थोडक्यात.

एकच नाटक दोघींनी केलेलं. नवऱ्याला संशय आहे आणि बायको निष्ठेची शपथ घेते तो प्रसंग. बर्नहार्ट शपथ उच्चारताना आवाज वर वर चढवत नेते आणि थिएटर उठून उभं राहतं. एलेओनोरा दूझे दोनदा हळू आवाजात शपथ घेते. तिसऱ्यांदा काही बोलतच नाही, नुसता मुलाच्या डोक्यावर हात ठेवते आणि नवऱ्याकडे बघते. प्रेक्षक रडतात.

उटाचा कल दूझेकडे आहे यात शंका नाही आणि माझाही आहे. पण दूझेचा तो हात शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, हेही त्याच गोष्टीत आहे. खरं वागणं म्हणजे बारीक वागणं असं उटाने कुठेही म्हटलेलं नाही. ती शॉची सेंट जोन करायची, ब्रेख्टही केला. आवाज आणि शरीर तयार नसेल तर आतलं कितीही खरं असो, उपयोग नाही, हे ती वारंवार सांगते. आपल्याकडे हे अर्धंच उचललं गेलं, आतलं घेतलं आणि आवाजाचा रियाज सोडला. तुमची तक्रार तिथे लागू पडते.

संगीत नाटकाबद्दल मात्र तुमचं मान्य. तिच्या चौकटीत ते बसत नाही आणि बसवायलाही नको.

---

बाव_कुडाळ

मी नाटकातला शिकलेला माणूस नाही. आमच्याकडे दशावतार. लहानपणापासून बघत आलो, सात-आठ वर्षं मंडळात कामही केलं.

आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. नाटक सुरू होण्याआधी रंगपटात आख्यान ठरतं, कोण कुठे येणार ते ठरतं, बाकी भाषा ज्याची त्याने उभ्या उभ्या करायची. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, म्हणून ऐकावंच लागतं. ऐकलं नाही तर पुढचं वाक्य येणार कुठून?

वर त्या बाईंचं वाचताना वाटलं, वाक्य पाठ असूनही ते पाठ नाही असं ऐकायला त्या शिकवत असाव्यात. आम्हाला ते कुणी शिकवलं नाही, गरजेने आलं. आमचे एक वयस्क राजपार्टी (राजाची कामं करणारे) म्हणायचे, "समोरच्याच्या डोळ्यांत बघ, तुझं भाषण तिथे लिहिलेलं असतं." ते रात्रभर भरजरी कपडे घालून उभे असायचे आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जायचे. मिलिंदभाऊ म्हणतात तसा मोठा आवाज आणि आतलं खरं ऐकणं, दोन्ही एकाच माणसात मी बघितलंय.

---

कावेरी_म

बाव, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतलाय. हे मी वर्गात वाचून दाखवणार.

---

जुई_लेखते

मी सध्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला हागेनचे नऊ प्रश्न आहेत अभ्यासाला. मी कोण, वेळ कोणती, मी कुठे आहे, भोवती काय काय आहे, परिस्थिती काय, कोणाशी काय नातं, मला काय हवंय, आड काय येतंय, ते मिळवायला मी काय करते. परीक्षेत लिहिले की झाले असं वाटायचं.

धागा वाचून काल पहिला मूळ व्यायाम घरी करून बघितला. एकटी असताना आपण सहज जे करतो त्यातली दोन मिनिटं जशीच्या तशी पुन्हा करायची. मी सकाळचा चहा निवडला. वाटलं, यात काय अवघड?

खऱ्या चहाच्या वेळी मी पातेलं ठेवते, आलं किसते, आणि किसणी धुवायच्या आधी बोटाला लागलेलं आलं चाटते. हे मी करते ते मला माहीतच नव्हतं! पुन्हा करताना मी 'चहा करणारी मुलगी' करत होते. साखर टाकताना हात छान गोल फिरवला. खरी मी साखरेचा डबा एका हाताने उघडायला जाते, झाकण निसटतं आणि मी मनात चिडते. ते सगळं गाळलं गेलं होतं. चार वेळा केलं तेव्हा कुठे झाकणाची चीड परत आली.

आई मधे येऊन म्हणाली, आज एवढा चहा कोण पिणार आहे?

---

नाट्यवेडा_सोलापूर

जुई, हे वाचून मी आमच्या ग्रुपला पाठवलं. आमच्याकडे तालमीत कायम एकच प्रश्न, 'हातांचं काय करू?' आता कळलं, हातांना काम नसतं कारण आपण घरून काही आणलेलंच नसतं.

कावेरीताई, पुस्तक कुठून वाचायला सुरुवात करावी? दोन आहेत म्हणे.

---

कावेरी_म

दोन आहेत. 'रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग' १९७३ चं आणि 'अ चॅलेंज फॉर द अ‍ॅक्टर' १९९१ चं. पहिलं जास्त वाचलं जातं, पण दुसरं जरूर वाच. आणि त्याचं कारण सांगते, कारण मला उटाबद्दल सगळ्यात जास्त आदर या एका गोष्टीमुळे वाटतो.

पहिलं पुस्तक जगभर गेलं. नट ते घेऊन व्यायाम करायला लागले आणि त्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो बघून ती अस्वस्थ झाली. मग तिने आपल्याच गाजलेल्या पुस्तकापासून स्वतःला दूर केलं आणि सत्तरी ओलांडल्यावर सगळं पुन्हा लिहिलं. पहिल्या पुस्तकात 'सब्स्टिट्यूशन' असा शब्द होता. नाटकातल्या माणसाच्या जागी आपल्या आयुष्यातलं माणूस ठेवायचं. नट तिथेच अडकायचे, नाटकातल्या भावाकडे बघताना घरचाच भाऊ बघत बसायचे. दुसऱ्या पुस्तकात तिने त्याला 'ट्रान्सफरन्स' म्हटलं. घरच्या भावाबद्दलची माया उचलून या समोरच्या नटावर आणून ठेवायची, आणि मग बघायचं ते याच्याकडेच. आणि आतलं कितीही भरून आलं तरी त्यातून काही कृती घडली नाही तर ते अधांतरीच राहतं, हे ती ठणकावून सांगते.

सव्वीस वर्षं शिकवून झाल्यावर लिहिलेलं पुस्तक, आणि आणखी अठरा वर्षं शिकवल्यावर म्हणायचं की हे मला नीट मांडता आलं नव्हतं. शिक्षक म्हणून हे करायला किती बळ लागत असेल!

आणि त्यानंतरही स्टेज सुटलं नाहीच. १९९५ मध्ये शहात्तराव्या वर्षी तिने 'मिसेस क्लाइन' केलं, मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांच्यावरचं नाटक, अख्खा भार खांद्यावर घेऊन. १९९९ मध्ये तिला जीवनगौरवाचा टोनी मिळाला.

---

श्रीरंग_पुणे

आपल्याकडे थोडंसं जवळचं उदाहरण म्हणजे सतीश आळेकर. ते मुळात नाटककार-दिग्दर्शक, पण नट म्हणूनही रंगमंचावर उभे राहिलेले. बी. जे. मेडिकल कॉलेजमधली जीवरसायनशास्त्राची नोकरी सोडून १९९६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या, नाटक शिकवणाऱ्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, २००९ पर्यंत होते. 'महानिर्वाण', 'बेगम बर्वे' आधीच लिहून झालेली. आणि त्यांना पडद्यावर नट म्हणून खूप लोकांनी पाहिलं ते केंद्रातून निवृत्त झाल्यावर, 'व्हेंटिलेटर' वगैरेंमध्ये. शिकवण्याने माणूस संपत नाही याला आणखी पुरावा कशाला हवा?

---

अरुंधती_वा

+१. आणि आळेकरांच्या काळात केंद्रात शिकलेली मुलं आज नाटक, मालिका, चित्रपट सगळीकडे आहेत.

---

कावेरी_म

सगळ्यांचे आभार. कालच्या वर्गातली गोष्ट सांगून थांबते.

हरवलेली वस्तू शोधण्याचा व्यायाम दिला होता. वस्तू कुठे आहे हे नटाला माहीत असतं, तरी खरंच शोधायचं असतं. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात, आयुष्यात पहिल्यांदाच नाटकाकडे वळलेले. त्यांनी चष्मा हरवला असं ठरवलं. पहिल्या वेळी टेबल, कपाट, खुर्चीखाली, अगदी क्रमाने. हात कपाळावर मारून झाला, "कुठे गेला बाई" म्हणून झालं. सगळं 'शोधणाऱ्या माणसाचं' होतं.

मी विचारलं, "काका, घरी चष्मा सापडत नाही तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय करता?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत करतो."

ते आत आले. शर्टाचा खिसा चाचपला. मग वर्गाचं जे दार आम्ही स्वयंपाकघराचं मानलं होतं त्याच्याकडे वळले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसेच थांबले. दोन-तीन सेकंदांनी तोंड मिटलं आणि वर्तमानपत्रं उचलून त्याखाली बघायला लागले.

मी त्यांना काही विचारलं नाही. बाकीच्यांनीही नाही. चष्मा वर्तमानपत्रांखाली होता. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "यात अजून जमेल. पुढच्या शनिवारी पुन्हा करू का?"